पोराला गणित येत नाही तेव्हा

मंडळी, तुम्ही मोठेपणी शिकलात. सुरुवातीला किती अडखळलात, ते आठवते का? पेन्सील धरली की बोटे दुखायची. ३ चे तोंड कोणत्या बाजूला, याचा घोळ व्हायचा. शेजारचा पुढे गेला की लाज वाटायची. ती आठवण पुसू नका. आज आपण ज्या मुलांविषयी बोलणार आहोत, त्यांना ओळखायला ती उपयोगी पडेल.

काही घरांत असे एखादे मूल असते. बोलायला तरतरीत, कामाला चपळ, गोष्ट एकदा ऐकली की पाठ. पण गणिताचे नाव काढले की त्याचे तोंड उतरते. आज शिकवलेले उद्या विसरते. आठ आणि पाच किती, हे दरवेळी पहिल्यापासून बोटांवर मोजते. बाप म्हणतो, "ह्याचं ध्यान नाही." मास्तर म्हणतात, "हा ढ आहे." मग मूलही तसेच म्हणू लागते. एकदा ते तसे म्हणू लागले की काम फार अवघड होते.

आम्ही छत्तीस वर्षे शाळेत शिकवले. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतो. आम्हीही पुष्कळ पोरांना ढ म्हटले. छडीही मारली. तेव्हा ती रीतच होती, असे सांगून आम्ही सुटू शकतो. पण एका पोराच्या बाबतीत आमचे चुकले, ते आधी सांगतो.

सन १९९५ ची गोष्ट. आम्ही तेव्हा माणदेशातल्या एका वाडीवर शिक्षक होतो. पाऊस कमी, बाजरी बरी, शेळ्यामेंढ्या पुष्कळ. चौथीत एक मुलगा होता. त्याला साधी वजाबाकी येत नव्हती. आमची समजूत अशी, की हा आळशी आहे. कारण काय? तो रोज संध्याकाळी घरच्या चौदा शेळ्या रानातून बिनचूक घरी आणी. एकही कधी हरवली नाही. आम्ही वर्गात त्याला म्हणायचो, "शेळ्या बऱ्या मोजता येतात तुला! पाटीवरच का हात मोडतो?" सगळी पोरे हसत. तो खाली बघे.

एके दिवशी बापाने त्याला वीस रुपयांची नोट देऊन दुकानात पाठवले. तेल आणि साखर मिळून तेरा रुपयांचा माल झाला. म्हणजे सात रुपये परत यायला हवेत. पोरगा दोन रुपये घेऊन घरी आला. बाप म्हणाला, "पाच रुपयाचं काय खाल्लंस?" पोरगा म्हणाला, "काय नाय खाल्लं." बापाला खोटे वाटले. त्याने पोराला दाव्याने मारले. पोरगा रात्रभर घरी गेला नाही. सकाळी आम्ही शाळा उघडायला गेलो, तर तो पडवीत पोत्यावर झोपलेला. पाठीवर वळ.

आम्ही विचारले, "अरे, दुकानदाराने कमी पैसे दिले, तर तू बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "कमी हैत, ते मला कुठं कळलं, गुरुजी?"

त्या उत्तराने आम्ही चमकलो. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. "आणि शेळ्या कशा मोजतोस रे?" तो म्हणाला, "मोजत न्हाय. बघतो. ढवळी हाय, मोरी हाय, भुंडी हाय, कानफाटी हाय. जी दिसत न्हाय, ती राहिली."

म्हणजे पोरगा शेळ्या मोजतच नव्हता. तो प्रत्येकीला तोंडाने ओळखत होता. आम्ही चार वर्षे त्याला हिणवले, ते आमच्या अडाणीपणाने. त्याला आळस नव्हता. त्याच्या डोक्यात आकडाच उभा राहत नव्हता.

दोन दिवसांनी बाप शाळेत आला. नाव काढून न्यायला आला होता. "गुरुजी, पोरगं बैलावाणी राबंल. पण आकडं काय त्याच्या टकुऱ्यात शिरत न्हाईत. मेंढरामागं जाऊ द्या." आम्ही त्याला दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. खरे तर दिवाळीपर्यंत काय करायचे, हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

आता, तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते आणि आज ठाऊक आहे, असे काही सांगतो.

मुलाला गणित न येण्याची कारणे निरनिराळी असतात. पहिल्याने डोळे आणि कान बघावेत. फळ्यावरचा ६ त्याला ८ दिसत असेल, तर गणित कसे येणार? 'साठ' आणि 'सात' यांत कानाची चूक होत असेल, तर? मूल फिकट दिसते, लवकर दमते, तर अंगात रक्त कमी असेल. रक्त कमी असले की ध्यान टिकत नाही. सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे डॉक्टर शाळेत येऊन मुले तपासतात. त्या दिवशी पोराला कांदे काढायला नेऊ नका. शाळेत लोहाची गोळी देतात, ती त्याला घेऊ द्या.

दुसरे कारण म्हणजे मधली पायरी चुकणे. आईबाप ऊसतोडीला गेले, मूल सहा महिने बरोबर गेले. परत आले, तोवर वर्ग पुढे गेला. जिन्याची पायरीच नाही, तर माणूस पाय कुठे ठेवणार? अशी मुले ती पायरी भरून दिली की भराभर चढतात.

तिसरे कारण जरा निराळे आहे. काही मुलांच्या मेंदूची ठेवणच अशी असते, की आकड्यांचे काम त्यांना जड जाते. बुद्धी कमी असते असे मुळीच नाही. बाकी सारे ठीक असते. पाच खडे बघून 'पाच' हे त्यांना चटकन दिसत नाही. आठ मोठे की सहा मोठे, याला वेळ लागतो. याला डॉक्टर लोक डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. आपल्याकडे गणन-अक्षमता असे नाव आहे. शंभर मुलांत साधारण तीन ते सहा मुले अशी असतात. मुलगे असतात, मुलीही असतात. मुलगी असली की लोक म्हणतात, "तिला काय करायचंय गणित?" आणि तिची अडचण कुणाच्या ध्यानातच येत नाही. उद्या बचतगटाचा हिशेब तिनेच ठेवायचा आहे, हे विसरतात.

ही बाहेरची बाधा नव्हे. त्यासाठी अंगारे-धुपारे करू नका. यावर गोळी किंवा टॉनिकही नाही. जाहिरात बघून पैसे घालवू नका. शिकवण्याची तऱ्हा बदलावी लागते आणि धीर धरावा लागतो.

आमच्या त्या मुलाला आम्ही कसे शिकवले, ते आता सांगतो. त्यातले पुष्कळसे त्याच्या आईने केले. ती माउली तेव्हा निरक्षर होती.

आधी आम्ही चौथीचे पुस्तक बाजूला ठेवले. त्याला कुठवर येते, ते शोधले. शंभर लिहायला सांगितले, तर १०० लिहिले. पाठ होते म्हणून. पण 'सात आणि एक किती' याला तो थांबला. म्हणजे पाया दहाच्या आतच कच्चा होता. मग आम्ही तिथूनच धरले. चौथीतल्या मुलाला पहिलीचे शिकवायचे म्हणजे त्याला लाज वाटते. म्हणून शाळा सुटल्यावर बसायचे ठरवले. इतर पोरे नसत.

त्याच्या शेळ्याच घेतल्या. एकेका शेळीचे नाव घ्यायचे आणि एकेक खडा टाकायचा. चौदा शेळ्या, चौदा खडे. मग संध्याकाळी वाड्यात शेळी शिरली की एक खडा पिशवीत टाकायचा. बाहेर खडा उरला तर शेळी राहिली. हे त्याला फार आवडले. आठ दिवसांत तो खडे पाच-पाचच्या ढिगाने मांडू लागला. पाच, पाच आणि चार. आम्ही सांगितले नव्हते. आईने सांगितले होते. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा होतो, हे तिला ठाऊक होते. शाळा न शिकलेल्या माणसालाही पुष्कळ गणित येत असते, ते असे.

बोटांवर मोजू नको, असे त्याला आम्ही पूर्वी दरडावत असू. आता बोटे मोकळी केली. बोटे ही देवाने दिलेली पाटी आहे. ज्याची गरज संपते, तो आपणहून बोटे सोडतो. जबरदस्तीने सोडवली, तर पोर पाठीमागे हात लपवून मोजते. मग चुकते.

पुढची पायरी दहाची. बाजरीच्या सरमाडाच्या वीतभर काड्या कापल्या. तुराट्या मिळाल्या तरी चालतील. दहा काड्या मोजायच्या आणि सुतळीने बांधायच्या. ही झाली एक जुडी. जुडी म्हणजे दशक. सुटी काडी म्हणजे एकक. दोन जुड्या आणि पाच सुट्या म्हणजे २५. पाच जुड्या आणि दोन सुट्या म्हणजे ५२. हातात घेतले की फरक कळतो. ५२ चे ओझे मोठे लागते.

इथे आपल्या मराठीची एक अडचण आहे. आपण म्हणतो 'पंचवीस'. तोंडात आधी पाच येतात, मग वीस. पण लिहिताना आधी २ येतो, मग ५. म्हणून पुष्कळ मुले पंचवीस ऐकून ५२ लिहितात. त्याहून वाईट म्हणजे एकोणतीस. एकोण म्हणजे एक कमी. तिसाला एक कमी. ऐकू येते तीस, आणि लिहायचे २ ने! नवख्या मुलाने गोंधळावे, यात नवल काय? तुम्हीही गोंधळला असाल.

सन २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यांची नावे दिली. तेव्हा मोठा वाद झाला. वर्तमानपत्रांत लोक भांडले. आम्हाला विचाराल, तर दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे आहे. बाजारात कुणी 'वीस पाच रुपये द्या' म्हणत नाही. तिथे पंचवीसच चालते. पण ज्याला आकडे जड जातात, त्याला आधी 'वीस पाच' असे म्हणू द्यावे. दोन जुड्या उचलताना 'वीस', पाच काड्या उचलताना 'पाच'. हात आणि तोंड एकाच क्रमाने चालतात. ते पक्के झाले, की मग पंचवीस सांगावे. १९९५ मध्ये आम्हाला हे कुणी सांगितले नव्हते. तो पोरगाच आपल्या मनाने तसे म्हणू लागला. आम्ही त्याला दोनदा टोकले. मग बघितले, की तसे म्हटले की तो बरोबर लिहितो. तेव्हा आम्ही गप्प बसलो.

आता वजाबाकी बघू. ५२ मधून १७ गेले, राहिले किती? पुष्कळ मुले ४५ लिहितात. आपण म्हणतो, चुकले. पण ४५ कुठून आले, ते विचारावे. वर २ आहेत, खाली ७ आहेत. मुलाने मोठ्यातून लहान वजा केले. ७ मधून २ गेले, ५. मग ५ मधून १ गेला, ४. झाले ४५. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे नीटच केले. फक्त समजूत उलटी आहे. 'हातचा घे, हातचा घे' असे ओरडून ती सुलटी होत नाही.

काड्या घ्या. पाच जुड्या, दोन सुट्या. यातून सतरा काड्या मला दे, असे म्हणा. मूल आधी सात सुट्या शोधते. सुट्या तर दोनच आहेत. आता काय करायचे? तुम्ही बोलू नका. थांबा. बहुतेक मुले आपणहून एक जुडी सोडतात. सुतळी सुटली, की जुड्या राहिल्या चार आणि सुट्या काड्या झाल्या बारा. बारातून सात दिल्या, पाच राहिल्या. चार जुड्यांतून एक दिली, तीन राहिल्या. तीन जुड्या, पाच काड्या. ३५. हातचा म्हणजे सोडलेली जुडी. आमच्या त्या मुलाने पहिल्यांदा सुतळी सोडली, तेव्हा तो आमच्याकडे चोरासारखा बघत होता. जुडी मोडली म्हणून आम्ही रागावू, असे त्याला वाटले होते.

काड्यांचे काम पंधरा-वीस दिवस रोज करावे. मग काड्यांचे चित्र पाटीवर काढावे. उभी रेघ म्हणजे जुडी, ठिपका म्हणजे सुटी काडी. त्यानंतर नुसते आकडे. एकदम काड्या काढून घेतल्या, की मूल परत अंधारात जाते. असे झाले, तर काड्या पुन्हा आणाव्यात. त्यात कमीपणा नाही.

पाढ्यांचे काय? पाढे पाठ असावेत, हे आमचे मत अजून आहे. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ होती. पण काही मुलांना पाठांतर टिकत नाही. त्यांना दोनचा, पाचचा आणि दहाचा एवढे तीन पाढे आधी द्यावेत. बाकीचे त्यांतून काढायला शिकवावे. वांग्याची रोपे घ्या. एका ओळीत सात, अशा सहा ओळी. पाच ओळींची पस्तीस झाली. आणखी एक ओळ, सात. बेचाळीस. नऊचा पाढा तर फारच सोपा. नऊ साते किती? दहा साते सत्तर. त्यातून एक सात काढा. त्रेसष्ट. थोडा वेळ लागतो खरा. लागू द्या. घाई कुणाला आहे?

आणि दुकान. खोटे दुकान मांडावे. चिंचोके, भुईमुगाच्या शेंगा, जुनी डबडी, जे असेल ते. खऱ्या नोटा आणि खरी नाणी वापरावीत. तेरा रुपयांचा माल, वीसची नोट. परत किती? वजाबाकी करायची गरज नाही. तेरावरून वीसपर्यंत चढत जायचे. तेराला दोन दिले, पंधरा. पाच दिले, वीस. दोन आणि पाच, सात परत. दुकानदारही असेच करतात. आम्ही हा खेळ त्या मुलाबरोबर महिनाभर खेळलो. त्याला दुकानदार केले आणि त्याच्या बापाला गिऱ्हाईक केले. बाप आधी येईना. आला, तेव्हा दोनदा मुद्दाम फसवायला गेला. दुसऱ्या वेळी पोरगा म्हणाला, "आबा, दोन रुपयं अजून द्या." बाप काही बोलला नाही. टोपी काढून पुन्हा घातली.

आता घरच्यांना चार शब्द. एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच बसवा, पण रोज बसवा. रविवारी चार तास आणि मग आठवडाभर काही नाही, याचा उपयोग नाही. मूल भुकेलेले असताना, रात्री डोळे मिटत असताना बसवू नका. धाकट्या भावाशी तुलना करू नका. ती सुरी फार खोल जाते. उत्तर चुकले, तर 'कसे केलेस, सांग' असे म्हणा. मारू तर नकाच. भीती वाटली की जे येत असते तेही सुचत नाही. फौजदाराने एकदम नाव विचारले, तर आपलीही बोबडी वळते. शाळेतही मारायला आता मनाई आहे. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा सन २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात मुलाला मारणे किंवा मनाला लागेल असे छळणे, दोन्ही बंद आहे. आमच्या हातात छडी होती, तेव्हा हा कायदा असता, तर बरे झाले असते.

आम्हाला स्वतः लिहिता-वाचता आत्ता कुठे येऊ लागले, आम्ही काय शिकवणार, असे काही आयाबाया म्हणतात. बाई, तू शिकवू नको. तू मुलाकडून शीक. त्याला म्हणावे, "मला जुडी सोडून दाखव." दुसऱ्याला दाखवताना मूल स्वतः पक्के होते.

असे पाच-सहा महिने नेटाने केले आणि तरीही फरक दिसला नाही, तर गुरुजींशी बोला. तालुक्याला खास शिक्षक असतात, ते विचारा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणीची सोय कुठे आहे, याची चौकशी करा. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्याच्या अशा अडचणी धरल्या आहेत. ठरलेल्या रुग्णालयाचा दाखला असला, तर दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळू शकतात. दाखला घेतल्याने मुलाला डाग लागतो, असे लोक म्हणतात. चष्मा लावल्याने लागतो का? कागदपत्रांना वेळ लागतो. म्हणून दहावीची वाट न बघता आधीच विचारा.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो गणितात पहिला आला वगैरे काही झाले नाही. दिवाळीला बाप नाव काढायला आला नाही, एवढेच झाले. चौथी झाली, पुढे सातवी झाली. दहावीला गणितात एकदा गेला. दुसऱ्या वेळी सुटला. आज तो वाडीच्या दूध संकलनावर काम करतो. सकाळ-संध्याकाळ पन्नासेक माणसांचे दूध मोजून वहीत मांडतो. यंत्रावर आकडा येतो, तरी तो कागदावर एकदा पडताळतो. गेल्या वर्षी आम्ही त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा त्याच्याजवळ जरा बसलो. म्हाताऱ्या आईचे दूधही तिथेच येते. तिने आपला आकडा स्वतः वाचला, आणि दहा दिवसांचे पैसे त्याच्याकडून मोजून घेतले. पोटच्या पोराकडून घेतले, तरी दोनदा मोजले.

आम्ही उठलो, तेव्हा तो बेरीज करत होता. ओठ हलत होते. आम्ही कान देऊन ऐकले. "वीस पाच... तीस दोन..." असे चालले होते.